तिसऱ्या वेळची ओळ

गेल्या गौरीला मी गावी गेले होते. गुडघे कुरकुरतात, तरी पोरींनी हात धरून ओढलं म्हणून फेरात शिरले. दहा-बारा जणी होत्या, बहुतेक माझ्या भाच्यांच्या वयाच्या. पहिली ओळ दोनदा झाली आणि मी सवयीने तिसऱ्यांदा उचलली. एकटीनेच. बाकीच्या सगळ्या पुढच्या ओळीवर गेल्या होत्या. शेजारच्या प्राचीने मला कोपराने ढोसलं आणि हसत म्हणाली, "आत्ये, पहिली ओळ दोनदाच. मग दोन ओळी तीन-तीनदा आणि चौथी परत दोनदा. अशीच रीत हाय आपल्याकडं." मी विचारलं, कुणी सांगितलं? तर म्हणाली, "पयल्यापासनं हाय. जुन्या कॅसेटमधी पण तसंच हाय. माझ्या मोबाईलवर हाय ती, आयकवू?" मी नको म्हटलं आणि गुडघ्याचं निमित्त करून ओटीवर येऊन बसले. ही रीत पहिल्यापासूनची नाही. ती मी लावली. एका श्रावणात, बोर्ली पंचतनमधल्या एका सुपारीच्या खोलीत बसून, दाढीच्या ब्लेडने. का लावली हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही, आणि त्याला मी नको ते सगळं सांगत आले आहे.

आमचं गाव बोर्लीपासून पायी पाऊण तासावर, दिघीच्या अंगाला. घरासमोर भाताचे दोन तुकडे, मागे पाच-सहा नारळ, एक फणस आणि कायम कशावर तरी रागावलेली कोंबडी. बाबा दिघीहून आगरदांड्याला जाणाऱ्या लाँचवर इंजिन सांभाळायचे. दिवसभर त्या इंजिनाशेजारी बसून त्यांचे कान गेले होते. पूर्ण नव्हे, पण हळू बोललेलं पोचायचं नाही. म्हणून आई मोठ्याने बोलायची. मीठ वाढू का हेसुद्धा ती अशा आवाजात विचारायची की पलीकडच्या घरातून बायजाकाकी ओरडायची, "मला नको गो!" त्यात पोपट हाकणं, माकडं हाकणं, पाणंदीतून आमच्या म्हशीला बोलावणं, हे सगळं गळ्यावरच चालायचं. तिचा आवाज घोगरा झाला होता आणि शेवटाला थोडा फाटायचा. लहानपणी त्याचं मला काही वाटलं नाही. उलट संध्याकाळी खेळता खेळता तो आवाज आला की भाकरी झाली एवढंच कळायचं. तांदळाची भाकरी, जवळ्याची चटणी आणि वालाचं बिरडं. वाल सोलताना ती गुणगुणायची, आणि तिचं गुणगुणणंही ओसरीपर्यंत ऐकू यायचं.

तिला गाणी किती येत होती ते मोजायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. ती खाडीपलीकडच्या गावची. येताना तिकडची गौरीची गाणी घेऊन आली आणि आमच्या गावातल्या बायकांनी ती उचलली. उचलली म्हणजे चाल उचलली. शब्द आईवर सोडले. गौर माहेरी येते, तिच्या वाटेवर काय काय लागतं, याची ती लांबलचक गाणी. आधी खाडी, मग खाऱ्या चिखलाचं खाजण, मग बांध, पाणंद, विहीर, उंबरा. प्रत्येक ओळ तीनदा म्हणायची. तिसऱ्यांदा म्हणताना, ओळ संपायच्या आत, आई पुढच्या ओळीचा पहिला शब्द मोठ्याने टाकायची, "बांध!" किंवा "विहीर!" की बाकीच्या तिकडे वळायच्या. तिने शब्द टाकला नसता तर फेर जागच्या जागी थांबला असता. पण हे मला आता कळतं. तेव्हा मला एवढंच दिसायचं की माझी आई सगळ्यांच्या आधी ओरडते.

बारावी झाल्यावर मी शिवणाच्या वर्गाला बोर्लीला जायला लागले आणि तिथून मुकुंदकाकांकडे पोचले. काकांनी उभी हयात मुंबईला ध्वनिमुद्रणाच्या खात्यात काढली होती. निवृत्त झाल्यावर ते आपल्या वाडीत परत आले आणि सुपारी साठवायच्या खोलीत त्यांनी स्टुडिओ थाटला. भिंतींना काथ्याच्या गाद्या, छताला गोणपाट, दाराला दोन गोधड्या. एवढं करूनही नारळ पडला की फितीवर धप्प असा आवाज यायचाच, मग काका कपाळावर हात मारायचे आणि पुन्हा पहिल्यापासून. मी पहिल्यांदा तिथे गेले ती त्यांच्या बायकोचे, वहिनींचे ब्लाऊज पोचवायला. काका फीत कापत बसले होते. हात थरथरत होता आणि काप चुकत होता. मी न राहवून म्हटलं, मी कापू का? कापड कापणारीला सरळ कापता येतं एवढाच माझा अहंकार होता. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि ब्लेड पुढे केलं. "सरळ नाही," म्हणाले, "तिरपं. सरळ कापलंस तर सांध्यावर टक् असा आवाज येतो. तिरपं कापलंस की एक आवाज दुसऱ्यात विरघळतो."

त्या दिवसापासून शिवणाचा वर्ग सुटला तो सुटलाच. घरी हे कळायला दोन महिने लागले. काकांनी मला सगळं शिकवलं. मशीनवरच्या फितीच्या दोन्ही चकऱ्या हाताने मागेपुढे हलवायच्या, म्हणजे फितीतला आवाज म्हशीच्या हुंकारासारखा जाड आणि संथ होतो. त्या हुंकारात शब्द कुठे सुरू होतो ते शोधायचं. तिथे पिवळ्या पेन्सिलीने खूण करायची, फीत खाच असलेल्या पट्टीवर बसवायची, कापायची, दोन टोकं भिडवून मागून चिकटपट्टी लावायची आणि नखाने घासायची. आमच्या मशीनवर एका सेकंदाला साधारण एक वीत फीत जायची, त्यामुळे मला वेळ हातात धरून मोजायची सवय लागली. भजनं द्यायला येणाऱ्या बुवांचा एक खोकला म्हणजे चार बोटं. एक उसासा म्हणजे अर्धी वीत. काका मला सारखं एकच बजावायचे, "शालन, जे कापणार आहेस ते आधी पूर्ण ऐकत जा. नको असलेलं आहे म्हणून न ऐकता कापू नकोस." मी मान डोलवायची. माझा हात बसला होता, कान तयार झाला होता आणि डोकं जागेवर नव्हतं. पंचक्रोशीत असलं काम करणारी दुसरी मुलगी नाही, हे मला वहिनींनी दडपे पोहे देता देता एकदा सांगितलं आणि ते मी फार मनावर घेतलं.

गौरीची गाणी घ्यायची कल्पना काकांची. त्यांनी लहानपणी ती लांबून ऐकली होती. मी आईला सांगितलं तेव्हा ती चुलीपुढे बसली होती. तिने विस्तवावरून नजर काढली नाही. "मंग त्याच्यात माजा आवाज येल?" म्हणाली. मी म्हटलं, येईल की. ती म्हणाली, "मला आयकायचाय गो. सगळ्या गावाला ठावं हाय माजा आवाज कसा हाय ते. मलाच न्हाय." हे तिचं म्हणणं मी तेव्हा हसण्यावारी नेलं. पुढचे आठ दिवस ती हळदीचं दूध पीत होती. बाबांनी विचारलं, बरं नाही का? तर तिने त्यांच्या कानाशी जाऊन काहीतरी सांगितलं आणि दोघं लाजल्यासारखे हसले.

भाताची लावणी आटोपून बायका मोकळ्या झाल्या तशा नऊ जणी ठेवणीतली लुगडी नेसून स्टुडिओत आल्या. काकांनी त्यांना माइकसमोर एका रांगेत उभं केलं. एकीलाही गाता येईना. शब्द आठवेनात, चाल पुढे सरकेना, सगळ्या एकमेकींच्या तोंडाकडे बघत राहिल्या. शेवटी बायजाकाकी वैतागून म्हणाली, "ओ काका, पाय हालल्याबिगर गाणं कसं येल?" मग सुपारीच्या गोणी बाहेर काढल्या आणि त्यांना फेर धरू दिला. माइक आम्ही एका बाजूच्या तुळईला टांगला. तो समोरचंच ऐकणारा माइक होता, त्यामुळे फिरता फिरता जी त्याच्यासमोर येईल तिचा आवाज मोठा, बाकीच्यांचा मागे. काका खूश झाले. म्हणाले, प्रत्येकीला तिची पाळी मिळते, याहून चांगली मांडणी मला सुचली नसती. फेरातल्या जागा ठरलेल्या होत्या. जी ज्या क्रमाने लग्न होऊन गावात आली, त्या क्रमाने उभी राहायची. पहिली बायजाकाकी, दुसरी जनीकाकी, तिसरी आई, चौथी ताराकाकी, मग पुढच्या. एक ओळ एकदा म्हणून होईस्तोवर एक बाई माइकसमोरून सरकायची. नऊ बायका आणि तीनदा म्हणायची ओळ, त्यामुळे तीन ओळींत एक फेरा पुरा व्हायचा आणि चौथ्या ओळीला पुन्हा बायजाकाकी समोर. म्हणजे पहिली, चौथी, सातवी, दहावी, या ओळी जेव्हा तिसऱ्यांदा यायच्या तेव्हा माइकसमोर नेमकी माझी आई असायची. मी काचेपलीकडे कानाला हेडफोन लावून बसले होते. आई माइकसमोर आली की घोगरा, शेवटाला फाटणारा तो आवाज माझ्या दोन्ही कानांत शिरायचा, आणि ओळ संपायच्या आत "विहीर!" अशी हाक. माझा हात आपोआप आवाजाच्या बटणावर जायचा. एक गाणं झाल्यावर आई माइकजवळ तोंड नेऊन म्हणाली, "कोण आयकतंय गो यातून?" सगळ्या हसल्या. मी काचेतून तिला बाजूला हो म्हणून खूण केली.

त्यानंतर चार दिवसांनी ढोलकी मिसळायची होती. नुसत्या टाळ्यांवर कॅसेट कोण घेणार, असं बोर्लीच्या दुकानदाराचं म्हणणं पडलं होतं. काकांना ते फारसं पटलं नव्हतं, पण त्यांनी मानलं. ढोलकी वाजवायला किहीमहून शेखर आला. बावीस-तेवीसचा, पांढरा शर्ट, मुंबईच्या ऑर्केस्ट्रात वाजवून आलेला. तो अधूनमधून यायचा, आणि येणार असला की मी केसांत अबोली माळायची, आता लपवून काय उपयोग! पद्धत अशी होती: बायकांची फीत एका मशीनवर लावायची, शेखरने ती हेडफोनमधून ऐकत ढोलकी वाजवायची, आणि मी दोन्ही आवाज कमीजास्त करत दुसऱ्या मशीनवर एकत्र घ्यायचे. काका त्या दिवशी मुरूडला गेले होते. पहिली ओळ सुरू झाली. बायजाकाकी गेली, जनीकाकी गेली, आणि आई आली. शेखरचा हात थांबला. त्याने हेडफोन काढला आणि हसत हसत म्हणाला, "अरे, ही कोण मध्येच ओरडते यार? मासळी बाजार भरलाय काय? ताल जातो ना माझा."

मी म्हटलं, "असेल कुणीतरी. काढते मी."

हे एवढंच. आज मी पासष्टीला आले, आयुष्यात पुष्कळ खोटं बोलले, त्यातलं बरंचसं विसरले. हे चार शब्द विसरत नाही. "माझी आई आहे ती" हे म्हणायला यापेक्षा जास्त वेळ लागला नसता. त्याने फार तर जीभ चावली असती. तो काही वाईट मुलगा नव्हता, ढोलकी गोळा करून "मग उद्या येतो" म्हणून निघूनही गेला, आणि पुढे त्याचं-माझं काही झालं असंही नाही. त्याच्यावर काही ढकलता येत नाही. मी एकटीच होते, दुपार होती, समोर फीत होती आणि हातात ब्लेड होतं.

आता यातला खरा भाग सांगते, कारण तो फीत कापणाऱ्यालाच कळेल. तालाची अडचण खोटी नव्हती. आईची पुढची हाक ढोलकीच्या समेवर येऊन आदळत होती. पण तेवढ्यासाठी तेवढा एक शब्द कापला असता तरी चाललं असतं. एक शब्द म्हणजे वीतभर फीत. मी दर वेळी तीन हात कापली. आईची पूर्ण पाळी कापली. ओळ तीनदा होतीच, एकदा कमी झाल्याने गाण्याला भोक पडत नव्हतं, म्हणून कुणाच्या लक्षातही येणार नव्हतं. जनीकाकीच्या शेवटच्या सुराला ताराकाकीचा पहिला सूर असा तिरपा जोडला की एक दुसरीत विरघळून गेली. सहा गाणी, तीसेक काप. प्रत्येक काप आधी ऐकायचा हा काकांचा नियम होता. मी एकही ऐकला नाही. चकरी हलवायची, खूण करायची, कापायची. खाली पडलेल्या फितीकडे बघितलंही नाही. संध्याकाळपर्यंत काम संपलं. लांबून पुसट येणाऱ्या तिच्या इतर हाका दुसऱ्या दिवशी ढोलकीखाली बुजल्या. नंतर ते गाणं ऐकताना असं वाटायचं की त्या सगळ्या बायकांना सगळं पाठ आहे आणि कुणी कुणाला काही सांगायची गरजच नाही.

काका मुरूडहून आल्यावर त्यांनी डोळे मिटून सगळं ऐकलं. मध्ये एकदा त्यांच्या कपाळाला आठी पडली. शेवटी म्हणाले, "शालन, सांधा कुठे आहे ते मलासुद्धा कळलं नाही." यापेक्षा मोठी शाबासकी मला पुढे कधी मिळाली नाही. पुढची तीस-पस्तीस वर्षं मी पनवेल-मुंबईच्या स्टुडिओंत हेच काम केलं, फितीवर केलं, मग संगणकावर. संगणकावर कापलेलं परत आणता येतं, एक बटण दाबलं की झालं. नव्या पोरांना मी काम शिकवायची तेव्हा ती धडाधड कापायची आणि धडाधड परत आणायची. मला त्यांचा हेवा वाटायचा आणि रागही यायचा.

कापलेली फीत फेकायची पद्धत आमच्याकडे नव्हती. ती वाडीत जायची. दोन काठ्यांना ताणून बांधली की उन्हात चमकते, वाऱ्यात भुणभुणते आणि पाखरं लांब राहतात. काका सुपारीच्या रोपांवर बांधायचे. आईचं हळवं, लवकर येणारं भात तेव्हा पोटरीतून बाहेर पडून दाणा धरत होतं आणि पोपट, मुनिया यायला लागल्या होत्या. ती माझ्या मागेच लागली होती, "तुज्या तिकडची चकाकती पट्टी आण गो थोडी." मी ते तीस तुकडे पुठ्ठ्यावर गुंडाळले आणि तिच्या हातात दिले. तोवर मला वाटत होतं की एवढं करून प्रकरण संपलं. तिने ते तुकडे एकाला एक गाठ मारून जोडले आणि या बांधापासून त्या बांधापर्यंत आडवे-उभे लावले. रस्त्याने जाणाऱ्या-येणाऱ्याला सांगायची, "माज्या लेकीच्या कामाची पट्टी हाय ती."

गौर जेवली त्या दुपारी सगळ्या बायका आमच्या पडवीत जमल्या. तिखटाचा नैवेद्य झालेला, घरभर वडे आणि मटणाचा वास, हात धुतले तरी जात नव्हता. बाबांनी शेजाऱ्यांचा टेपरेकॉर्डर मागून आणला आणि आपला बरा कान त्याच्या अगदी जवळ लावून बसले. गाणं सुरू झालं. "ही मी!" बायजाकाकी किंचाळली. मग जनीकाकीने तोंडाला पदर लावला. आई भिंतीला टेकून बसली होती. तिने पाय जवळ घेतले आणि ताठ झाली. पुढचा आवाज ताराकाकीचा आला. ताराकाकी टाळ्या पिटायला लागली. पुढच्या फेऱ्याला मी पाहिलं, आईच्या उजव्या पायाचा अंगठा जमिनीवर हलत होता. बायजा, जनी, आणि मग अंगठा थांबायचा. आणि आवाज ताराचा. तिला फेर एवढा पाठ होता की डोळे मिटून सांगितलं असतं कोण कुठे आहे. तिला वाटलं असेल पहिल्या गाण्यात राहिलं असेल. दुसरं गाणं झालं. तिसरं झालं. बाबा मध्येच म्हणाले, "तुजा कवा येतो गो?" त्यांना वाटलं त्यांच्याच कानाला येत नसेल.

कॅसेट उलटायच्या वेळी बायजाकाकीला उमगलं. "अगो, तू कुटं गेलीस? जनीच्या मागं तू न्हाय का?" सगळ्यांनी आईकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. मी काहीतरी यंत्राचं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात आई म्हणाली, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी तिला एवढं हळू बोलताना ऐकलं, "मीच बोलली तिला, काप म्हणून. मला खोकला व्हता त्या दिवशी. कशाला उगा गाण्याची नासाडी?" जनीकाकी म्हणाली, "कवा व्हता खोकला?" आई म्हणाली, "व्हता," आणि उठून आत गेली. थोड्या वेळाने सगळ्यांसाठी चहा घेऊन बाहेर आली. दुसरी बाजू तिने स्वयंपाकघरातून ऐकली. मला त्या वेळी तिचा राग आला हेही सांगून टाकते. तिने चारचौघींत मला झापलं असतं तर मला रडता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी काकांकडे पळाले आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं, शेखरपासून. त्यांनी चष्मा काढून पुसला. "मी त्या दिवशी नऊ बायकांना पोहे दिले होते," म्हणाले, "आणि फितीवर आठच ऐकू आल्या. मला वाटलं माझे कान म्हातारे झाले." मग त्यांनी फडताळातून बायकांची फीत काढली. ती अजून पुसलेली नव्हती. "तुकडे कुठे आहेत? जपून आण. एकेक ऐकून लावू. कुठला कुठे बसतो ते मी सांगतो. आठ दिवस लागतील, पण तिला ऐकवू." मी म्हटलं, तुकडे शेतात बांधलेत. त्यांनी दाराबाहेर आभाळाकडे पाहिलं. गेले दहा दिवस पाऊस येऊन-जाऊन होता. "जा तरी," ते म्हणाले, "पटकन जा."

मी चपला हातात घेऊन धावले. शेतात पोचले तेव्हा सर येऊन गेली होती आणि फिती भुणभुणत होत्या. मी पहिली गाठ सोडायला गेले. ओली गाठ, सुटेना. दातांनी सोडवली आणि फीत गुंडाळण्यासाठी बोटांतून ओढली. बोटं तपकिरी झाली. फीत पारदर्शक झाली. पुढचा तुकडा ओढला, तोही तसाच. जिथे जिथे वाऱ्याने फीत काठीवर आपटली होती तिथे आधीच काही शिल्लक नव्हतं, नुसतं प्लॅस्टिक. आवाज त्या तपकिरी थरातच असतो, हे काकांनी मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. मी चिखलात उभी राहून आपल्या बोटांकडे बघत होते. पुसायची सोय नव्हती.

मागून आई आली. डोक्यावर इरलं, हातात कोयता. "काय करतीस?" म्हणाली. "सोडू नको, पाखरं पडतील." मग तिने माझा चेहरा बघितला. बांधावर कोयता ठेवला. पट्ट्यांकडे एकदा पाहिलं. तिला शाळा नव्हती, पण डोकं होतं.

"यातली माजी कंची गो?" तिने विचारलं.

मला खोटं बोलायचं होतं. स्टुडिओत आहे, जपून ठेवलीय, असं काहीतरी जिभेवर आलंही होतं. पण पडवीत तिने माझ्यासाठी खोटं बोलून ती सोय संपवली होती. मी म्हटलं, "सगळ्या."

"सगळ्या?"

मी मान हलवली. त्यानंतरच्या वर्षांत मी तीन वेळा टेपरेकॉर्डर घेऊन तिच्यासमोर बसले. मशीन सुरू झालं की ती कामाला उठायची, "आता कुटं राहिलाय आवाज," म्हणायची. ती गेली तेव्हा तिचा आवाज कुठेही नव्हता. आता गावातल्या पोरी पहिली, चौथी, सातवी ओळ दोनदाच म्हणतात, आणि तिसऱ्या वेळची तेवढी जागा सोडून पुढे जातात.

पण त्या सकाळी ती माझ्यावर ओरडली नाही. ती पट्ट्यांकडेच बघत राहिली. या बांधापासून त्या बांधापर्यंत, आडव्या, उभ्या, फणसापर्यंत गेलेल्या. तिचे ओठ हलत होते, बहुतेक मोजत होती.

"येवढं गायली मी?" ती म्हणाली.

मग माझ्या हातातलं सुटलेलं टोक घेऊन तिने ते पुन्हा काठीला बांधलं, दोन गाठी मारून.